काल्पनिक अवकाशनौकेतील श्वासाचा हिशेब

पट आणि सोंगट्या नसलेला एक खेळ पाश्चात्त्य देशांत गेली पन्नासहून अधिक वर्षे खेळला जात आहे. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. कोणी कप्तान होतो, कोणी यंत्रज्ञ, कोणी डॉक्टर. एक जण पंच होतो. तो प्रसंग सांगतो, इतर जण आपापले पात्र काय करील ते सांगतात आणि जेथे यशापयशाची शंका असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. १९७४ साली निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील पहिला प्रसिद्ध खेळ. तो राक्षस आणि जादूगारांचा होता. १९७७ मध्ये मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि हीच करमणूक ताऱ्यांच्या प्रदेशात जाऊन पोहोचली.

‘ट्रॅव्हलर’मध्ये खेळाडू कागदावर आपली नौका स्वतः बांधतात. इंजिन केवढे, इंधन किती, केबिन किती, हे सारे नियमांच्या चौकटीत बसवावे लागते. नौकेचा आकार टनांत मोजतात, परंतु हा टन वजनाचा नाही. एक टन द्रवरूप हायड्रोजनला जेवढी जागा लागते तेवढे घनफळ, म्हणजे सुमारे १४ घनमीटर. द्रव हायड्रोजनची घनता पाण्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढी असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा आकडा लगेच पटेल. एका केबिनसाठी ४ टन राखून ठेवायचे असतात, म्हणजे ५६ घनमीटर. आणि त्या केबिनमधल्या माणसाला जिवंत ठेवण्याचा खर्च? दर प्रवासाला २००० क्रेडिट. पैसे भरा आणि निर्धास्त श्वास घ्या!

खेळाच्या दृष्टीने हा नियम सोयीचा आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण या दोन हजार क्रेडिटांत नेमके काय विकत घेतले, हा प्रश्न एखाद्या खेळाडूने विचारला तर पंचाने काय सांगावे? तेथे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांना बोलवावेच लागते. आकडेमोड मात्र आठवी-नववीच्या पलीकडची नाही.

माणूस रोज काय घेतो, काय देतो

एक प्रौढ माणूस दिवसभरात सरासरी ८४० ग्रॅम ऑक्सिजन वापरतो आणि सुमारे १ किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. त्याला पाण्याचा अंश वगळता ६०० ग्रॅमच्या आसपास कोरडे अन्न लागते. पिणे, स्वयंपाक आणि अन्नातील ओलावा मिळून पाणी लागते साधारण साडेतीन किलो. आंघोळ आणि कपडे धुणे यात धरलेले नाही. अवकाशात ती चैन आहे.

आता बेरीज करा. आत गेले ०.८४ अधिक ०.६ अधिक ३.५, म्हणजे जवळजवळ ४.९५ किलो. बाहेरही तेवढेच आले पाहिजे, कारण वस्तुमान कोठे नाहीसे होत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड १ किलो, घन मळ १०० ग्रॅम. मग उरलेले ३.८५ किलो कशाचे? पाण्याचेच! मूत्र, घाम आणि उच्छ्वासातील बाष्प या रूपाने माणूस जेवढे पाणी पितो त्याहून सुमारे ३५० ग्रॅम अधिक पाणी रोज बाहेर टाकतो. हे जास्तीचे पाणी शरीरातच तयार होते. अन्नातील हायड्रोजन श्वासातील ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि पाणी बनते. वर्गात हे सांगितले की निम्म्या मुलांचा विश्वास बसत नाही. ग्लुकोजच्या ज्वलनाचे समीकरण फळ्यावर लिहिले की मग बसतो. हे ३५० ग्रॅम लक्षात ठेवा, पुढे ते आपल्या कामी येणार आहेत.

आधी काय संपते?

समजा, नौकेतील हवा शुद्ध करणारी यंत्रणा बंद पडली आणि एक माणूस ५६ घनमीटरच्या हवाबंद केबिनमध्ये अडकला. कथाकादंबऱ्यांत अशा वेळी “ऑक्सिजन संपत आला!” असा आक्रोश होतो. हिशेब काय सांगतो ते पाहू.

कार्बन डाय-ऑक्साइडचा रेणुभार ४४. एक किलो म्हणजे सुमारे २२.७ ग्रॅमरेणू. खोलीच्या तापमानाला एका ग्रॅमरेणूला २४ लिटर जागा लागते, म्हणून रोज ५४५ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड हवेत मिसळणार. केबिनचे घनफळ ५६,००० लिटर. म्हणजे रोज जवळजवळ १ टक्का. याच रीतीने ८४० ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे ६३० लिटर. तो रोज १.१ टक्क्याने घटणार.

पाचव्या दिवसाच्या अखेरीस ऑक्सिजन २१ वरून साडेपंधरा टक्क्यांवर येईल. मेणबत्ती विझेल, पण माणूस मरणार नाही. उंच पर्वतावरील गावांतून लोक साधारण इतक्याच ऑक्सिजनवर राहतात. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र तेवढ्यात ५ टक्क्यांच्या घरात पोहोचलेला असेल. तो ३ टक्के झाला की श्वास खोल होतो, डोके ठणकू लागते. ५ टक्क्यांना धाप लागते, घेरी येते, विचार गोंधळतात. ७ ते १० टक्क्यांच्या दरम्यान शुद्ध हरपते. म्हणजे माणसाला आधी गाठतो तो त्याने स्वतःच टाकलेला उच्छ्वास. एका केबिनमध्ये दोघे असतील तर पाच दिवसांचे अडीच दिवस होतात.

हे काल्पनिक नाही. १३ एप्रिल १९७० रोजी चंद्राच्या वाटेवर असलेल्या अपोलो-१३ यानातील ऑक्सिजनची एक टाकी फुटली. तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरण्यासाठी नेलेल्या छोट्या यानात आश्रयाला गेले. ते यान दोन माणसांच्या दोन दिवसांच्या हिशेबाने बनवलेले. त्यात तिघांना जवळजवळ चार दिवस काढायचे होते. ऑक्सिजन त्यात भरपूर होता! तुटवडा होता तो कार्बन डाय-ऑक्साइड शोषणाऱ्या लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांचा. मुख्य यानात असे डबे शिल्लक होते, पण ते चौकोनी, आणि छोट्या यानातील खाचा गोल. जमिनीवरील तंत्रज्ञांनी यानात काय काय सामान आहे याची यादी पुढ्यात घेतली आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, अवकाशपोशाखाच्या नळ्या व चिकटपट्टी यांतून एक जोड बनवण्याची कृती रेडिओवरून वाचून दाखवली. अंतराळवीरांनी ती शब्दशः केली आणि हवा निवळली. दोन यानांचे डबे एकाच आकाराचे असावेत, एवढी साधी गोष्ट आराखडा करताना कोणाला सुचली नव्हती.

खेळातील पंचाला माझी शिफारस अशी की, “यंत्रणा बिघडली” एवढेच न सांगता कोणता भाग बिघडला ते सांगावे. प्रत्येक भागाचे घड्याळ वेगळे चालते.

पंखा बंद पडला तर

आता एक गंमत पाहा. हवा शुद्ध करणारे यंत्र उत्तम चालू आहे, फक्त केबिनमधला पंखा बंद पडला. पृथ्वीवर याने काही बिघडत नाही. आपला उच्छ्वास उबदार, म्हणून हलका असतो. तो वर चढतो आणि त्याच्या जागी ताजी हवा येते. यालाच अभिसरण म्हणतात. वजनरहित अवस्थेत हलके आणि जड हा भेदच उरत नाही, म्हणून अभिसरणही नाही. झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासाचा ढग साचत राहतो आणि तो डोकेदुखीने जागा होतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पंखे रात्रंदिवस चालू ठेवतात ते यासाठी. तुमच्या काल्पनिक नौकेत कृत्रिम गुरुत्व असेल, तर गुरुत्व गेल्यावर प्रवासी तरंगू लागतात एवढेच दाखवून थांबू नका.

भोक पडले तर? चित्रपटांत लगेच माणसे बाहेर खेचली जातात. आपल्या चार केबिनांत मिळून २२४ घनमीटर, म्हणजे सुमारे २७० किलो हवा आहे. एका चौरस सेंटिमीटरच्या, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या छिद्रातून सेकंदाला जेमतेम २४ ग्रॅम हवा बाहेर जाते, कारण छिद्रातून जाणाऱ्या हवेला ध्वनीच्या वेगाची मर्यादा पडते. दाब निम्म्यावर यायला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. शिट्टीचा आवाज कोठून येतो हे शोधायला तेवढा वेळ पुष्कळ आहे.

शिदोरी न्यावी की यंत्र?

प्रवासाची शिदोरी दोन प्रकारे नेता येते. पहिला प्रकार सरळ: सगळे बरोबर घ्यायचे आणि वापरून टाकून द्यायचे. माणशी रोज ऑक्सिजन, अन्न आणि पाणी मिळून ४.९५ किलो, शिवाय लिथियम हायड्रॉक्साइड १.१ किलो, कारण या द्रव्याचे ४८ ग्रॅम ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड शोषतात. एकूण ६ किलो धरू. ‘ट्रॅव्हलर’मधील तारकाउडी एका आठवड्याची असते. चार केबिनांत आठ माणसे आणि दोन आठवड्यांचा साठा म्हटला तर ६७२ किलो होतात. एवढे तर एखादी मालमोटार हसत नेईल. अशा नौकेत गुंतागुंतीची शुद्धीकरण यंत्रे बसवणे म्हणजे पुण्याहून मुंबईला जाताना बरोबर पिठाची गिरणी घेण्यासारखे आहे.

पण शंभर माणसे वीस वर्षांच्या प्रवासाला निघाली तर? ६ गुणिले ३६५ गुणिले २० गुणिले १००, म्हणजे ४३८० टन. येथे दुसरा प्रकार भाग पडतो: वापरलेले पुन्हा वापरायचे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नोव्हेंबर २००० पासून माणसांचे वास्तव्य अखंड चालू आहे आणि तेथे या विद्येचा खरा अभ्यास झाला. मूत्र, घाम आणि हवेतील बाष्प यांतून पाणी परत मिळवण्याचे प्रमाण २०२३ मध्ये ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचले. ऑक्सिजन पाण्याच्या विद्युत-अपघटनाने मिळतो. उरलेला हायड्रोजन आणि माणसांनी टाकलेला कार्बन डाय-ऑक्साइड यांची साबातिए या फ्रेंच रसायनज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी अभिक्रिया घडवली, की मिथेन वायू आणि पाणी तयार होते. हे यंत्र २०१० मध्ये स्थानकावर गेले.

या साखळीचा एका माणसाचा एका दिवसाचा हिशेब मांडू. ८४० ग्रॅम ऑक्सिजनसाठी ९४५ ग्रॅम पाण्याचे अपघटन करावे लागते. त्यातून १०५ ग्रॅम हायड्रोजन सुटतो. साबातिए अभिक्रियेत ८ ग्रॅम हायड्रोजनपासून ३६ ग्रॅम पाणी मिळते, म्हणून १०५ ग्रॅमपासून सुमारे ४७० ग्रॅम पाणी परत आले. शिल्लक तूट ४७५ ग्रॅम. आणि आता ते शरीरात बनणारे ३५० ग्रॅम पाणी आठवा! तूट उरली अवघी सव्वाशे ग्रॅम. पाणी शुद्ध करताना होणारी २ टक्क्यांची गळती धरली तरी रोजची तूट २०० ग्रॅमच्या आत राहते. म्हणजे रोज ६ किलोऐवजी ६०० ग्रॅम कोरडे अन्न आणि पेलाभर पाणी, मिळून ८०० ग्रॅम. आपली ४३८० टनांची शिदोरी ५८४ टनांवर आली. ही तूट मुख्यतः मिथेन बाहेर सोडल्याने पडते, त्याच्यासोबत हायड्रोजन जातो.

मात्र अन्न बरोबर न्यावे लागतेच. तेही नौकेतच पिकवायचे ठरवले, तर?

हिरव्या पानांची किंमत

झाड कार्बन डाय-ऑक्साइड घेते, ऑक्सिजन देते आणि वर अन्नही देते. सर्व अन्न नौकेत पिकवले आणि पिकाचा न खाण्याजोगा भागही कुजवून वा जाळून पुन्हा खतात आणला, तर ऑक्सिजनचा हिशेब आपोआप जुळतो. म्हणूनच विज्ञानकथांतील प्रत्येक मोठ्या नौकेत एक रम्य बाग असते. मला या बागांविषयी नेहमी एकच प्रश्न पडतो: दिव्यांना वीज कोठून येते?

माणूस रोज सुमारे २५०० किलोकॅलरी ऊर्जा अन्नातून घेतो. सेकंदांनी भागले तर हे १२० वॅट होतात. पिकावर पडलेल्या प्रकाशापैकी खाण्याजोग्या भागात शेकडा एक-दोन भागच ऊर्जा साठते. एक टक्का धरला तर माणशी १२ किलोवॅट प्रकाश हवा, आणि दिवे निम्मीच वीज प्रकाशात बदलत असतील तर २४ किलोवॅट वीज. अवकाश स्थानकाचे ते विस्तीर्ण सौरपंख सुमारे १०० किलोवॅट वीज देतात. ती सगळीच्या सगळी शेतीला दिली तरी चार माणसांचे पोट भरेल.

आणि ही वीज जाते कोठे? शेवटी सगळीची उष्णता होते. निर्वात अवकाशात वहन नाही, अभिसरण नाही. उष्णता बाहेर टाकायचा मार्ग एकच, प्रारण. २७ अंश सेल्सिअस तापमानाचा एक चौरस मीटर चांगला काळा पृष्ठभाग सुमारे ४१० वॅट प्रारण करतो. पत्र्याच्या दोन्ही बाजू धरल्या तर ८२० वॅट. म्हणून एका माणसाच्या शेतीसाठी २९ चौरस मीटर, शंभर माणसांसाठी २९०० चौरस मीटर पत्रा नौकेबाहेर पसरावा लागेल. कबड्डीची बावीस मैदाने होतील त्याची!

नौका अंधारात गेली की गोठते, हा दुसरा आवडता गैरसमज येथेच मिटवू. लढाईत खेळाडू बहुधा हे प्रारणपत्रे घडी करून आत घेतात. समजा आपल्या आठ माणसांच्या नौकेत माणसे व यंत्रे मिळून ५ किलोवॅट उष्णता निर्माण होते आणि आतील सामानसुमान व भिंती मिळून २० टन अ‍ॅल्युमिनियमच्या बरोबरीच्या आहेत. तापमान एक अंशाने चढायला साधारण एक तास लागतो. २५ अंशांवरून ४० अंशांवर पोहोचायला पंधरा तास, तेही घामाच्या बाष्पाने भरलेल्या हवेत. मे महिन्यात कोकणात वारा पडल्यावर काय होते ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगायला नको. याउलट अपोलो-१३ मध्ये वीज वाचवण्यासाठी यंत्रे बंद केल्यावर आतील तापमान ३-४ अंशांपर्यंत उतरले होते. यंत्रे चालू तर भट्टी, बंद तर हळूहळू शीतगृह. तेथे पाणीही उपकरणे थंड ठेवण्यासाठी राखून ठेवावे लागले. अंतराळवीर पुरेसे पाणी प्यायले नाहीत आणि फ्रेड हेझ यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला.

बंद बागेत खरोखर राहून पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत. सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे १९७२ मध्ये ‘बायॉस-३’ नावाची ३१५ घनमीटरची बंदिस्त वास्तू तयार झाली. तीत तिघे जण गहू आणि भाज्या पिकवत सहा महिन्यांपर्यंत राहिले. ऑक्सिजन आणि पाणी आतल्या आत फिरत राहिले, अन्नाचा काही भाग मात्र बाहेरचा होता. त्याआधी तेथेच असे आढळले होते की, क्लोरेला या सूक्ष्म शैवालाचा ८ चौरस मीटर प्रकाशित पृष्ठभाग एका माणसाला पुरेल इतका ऑक्सिजन देतो. पण माणूस नुसत्या शेवाळावर राहायला राजी नसतो.

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील ‘बायोस्फीअर-२’ हा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. सव्वा हेक्टरहून थोडी अधिक जमीन काचेखाली घेऊन तीत जंगल, शेत, तळी असे सारे बसवले होते. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे आत गेली आणि दारे बंद झाली. ऑक्सिजन घटू लागला. सोळा महिन्यांत तो २०.९ वरून साडेचौदा टक्क्यांवर आला, म्हणजे चार हजार मीटर उंचीवर राहावे तशी स्थिती. जिना चढताना माणसे थांबू लागली, झोप तुटू लागली. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

ऑक्सिजन कोणी खाल्ला? मातीतल्या सूक्ष्मजीवांनी. पीक जोमदार यावे म्हणून माती सेंद्रिय द्रव्यांनी फार समृद्ध केली होती आणि जीवाणू ती द्रव्ये कुजवत ऑक्सिजन वापरत राहिले. मग कार्बन डाय-ऑक्साइड तेवढाच वाढलेला का दिसला नाही? कारण इमारतीच्या काँक्रीटमधील कॅल्शियम हायड्रॉक्साइड तो शोषून घेत होते आणि त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनत होते. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, तीच ही अभिक्रिया! भिंतींत अडकलेला कार्बन झाडांना मिळाला नाही आणि त्याच्याबरोबरचा ऑक्सिजनही परतला नाही. नौका बांधताना भिंत कशाची आहे हेही विचारायचे असते, ते असे.

२०२५ च्या जून-जुलैमध्ये आपले शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकावर गेले तेव्हा त्यांच्या प्रयोगांत मूग आणि मेथीचे अंकुर होते, शैवालही होते. शेतीची ही अगदी पहिली पायरी आहे.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. चार केबिनांची २२४ घनमीटरची नौका आठ माणसांसह सात दिवसांच्या तारकाउडीवर आहे. तीन दिवस पूर्ण होताच हवा शुद्ध करणारे यंत्र कायमचे बंद पडले. तोवर हवा स्वच्छ होती. यंत्रज्ञाला कोठारात १५ किलो लिथियम हायड्रॉक्साइड सापडले. सातव्या दिवसाच्या अखेरीस कार्बन डाय-ऑक्साइड किती टक्के असेल? हे १५ किलो लगेच वापरावे की शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवावे? आणि बंदरात नौका उतरवणारा कप्तान ती शेवटची आकडेमोड करण्याच्या स्थितीत असेल काय?